शेजारी नसलेली झाडे

स्फाक्स, ९ नोव्हेंबर

रौधा,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो. कुसकुस वाफवायच्या चाळणीचा अँटेना, ज्यावर आपण इटलीची कार्टून पाहिली. आईच्या शिलाई मशीनची मोटर, जी मूळची पंख्याची. जैतुनाच्या लाकडाच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या. त्यातला एक काळा उंट तू हरवलास, त्या जागी अजून बाटलीचे बूच उभे आहे. दुकानाचे शटर, बिजागऱ्यांसकट. लग्नानंतर सालवाला करून दिलेली पाव भाजायची मातीची भट्टी, तीही दोनदा, कारण पहिलीला तडा गेला आणि का गेला ते मला आजवर कळलेले नाही. आणि संगणकाची एकोणीस पॅकेजेस. यातले काहीही मला कुणी शिकवलेले नाही. रेडिओ उघडून रेडिओ शिकलो, संगणक उघडून संगणक, आणि इंग्रजी त्या संगणकाने दाखवलेल्या चुका वाचून.

एकोणिसावे पॅकेज 'जीरान'चे. प्रोग्रॅम तुझा आहे, हे मी कधी नाकारलेले नाही. नावही तू ठेवलेस, आपल्या बोलीतले: शेजारी. प्रत्येक झाडाची जागा आणि ते आजारी की धड, एवढे त्याला सांगायचे. तो त्या झाडाचे शेजारी बघतो, त्यातले शेकडा किती आजारी ते मोजतो, आणि रोग जिथे दाटला असेल तिथे नकाशा लाल करतो. तिकडे स्पेनमध्ये, कोर्दोबातल्या तुझ्या टेबलावर तो छान चालत होता. पण इथल्या शेती कार्यालयातल्या म्हाताऱ्या मशीनवर चालवायचा तर त्याच्याआधी काय काय बसवावे लागते, कशाची कोणती आवृत्ती जुळते आणि कोणती भांडते, हे शोधून, एकत्र बांधून, वर चिठ्ठी लावून मी दिले. एक ओळ टाइप केली की सगळे आपापल्या जागी बसते. सूचना अरबीत आणि फ्रेंचमध्ये. तुझे नाव पहिल्या ओळीत, माझे शेवटच्या.

आणि जूनमध्ये तू आमच्या पॅकेज करणाऱ्यांच्या गटात, सगळ्या जगासमोर लिहिलेस: "यावरून माझं नाव काढा. हा माझा प्रोग्रॅम नाही." फिनलंडच्या एकाने मला खासगीत विचारले, ही तुमची कुणी लागते का, आडनाव एकच दिसतेय. मी त्याला काय सांगणार? तेव्हापासून माझ्या मेलला तुझे उत्तर नाही, म्हणून हा कागद.

आता कामाचे. रोग आपल्याकडे पोहोचला आहे. शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. इथे सगळे त्याला नुसते 'मर' म्हणतात. सप्टेंबरात कार्यालयाने माणसे पाठवून झाडन् झाड नोंदवले, जीरानमध्ये घातले आणि नकाशा काढला. सगळा भाग पांढरा निघाला, एकच बाग लाल. तिजानीमामाची. लाल बाग मुळासकट उपटायची असा नियम केला आहे. फळे उतरवून झाली की ट्रॅक्टर येणार. मामाचे वय तुला माहीत आहे, आणि त्या बागेखेरीज त्याच्यापाशी काही नाही हेही.

मला नकाशाचा संशय नाही, कारण पॅकेज मी केले आहे. पण परवा मामाकडे जाताना हाजी बूराऊईच्या बागेतून चालत गेलो, तर त्याच्या अर्ध्या झाडांचे शेंडे वाळलेले. नकाशात ती बाग दुधासारखी पांढरी. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील, मला कळेनासे झाले आहे. पाकिटात मेमरी स्टिक आहे, तिच्यात सगळ्या नोंदी आहेत. तुझ्या मशीनवर एकदा चालवून बघ. नावाचे नंतर पाहू.

लसाद


स्फाक्स, २४ नोव्हेंबर

रौधा,

तुझा संदेश मिळाला. "माझ्या मशीनवर जीरान थांबतो. तुझ्या मशीनवर थांबत नाही. का ते तुला माहीत आहे." पाच महिन्यांनी तीन वाक्ये. तब्येत कशी, हे चौथे चालले असते.

तो थांबतो हे मला ठाऊक आहे. त्याचीच तर दुरुस्ती केली. मेमध्ये थोड्या झाडांवर चाचणी घ्यायला कार्यालयात पहिल्यांदा बसवून दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी लमजदचा फोन. लमजद बागांचा अधिकारी; माणूस वाईट नाही, नावाआधी अदबीने 'सी' लावतो, फक्त कायम बस सुटत असल्यासारखा बोलतो.

"सी लसाद, तुमचं यंत्र रुसलंय."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, या झाडाला शेजारी नाही, अंतर सांगा."

"मग सांगा."

"काय सांगू? वरच्यांना गुरुवारी नकाशा हवाय आणि हे मलाच प्रश्न विचारतंय. प्रश्न विचारायला घरी सासू आहे माझी."

मी गेलो, बसलो, अकरा ओळी घातल्या. झाडाला शेजारी सापडला नाही तर थांबू नकोस. आजारी शेजारी शून्य धर आणि पुढच्या झाडाकडे जा. आता तूच सांग, शेजारीच नाहीत तर आजारी शेजारी शून्यच ना? यात खोटे काय आहे? माझ्या दुकानात पंचवीस वर्षे लोक एकच तक्रार घेऊन येत आहेत, चालता चालता बंद पडते. बंद पडणारी वस्तू चालू करणे यालाच मी काम समजत आलो. त्यासाठी माझी बहीण माझ्याशी बोलणे टाकते, हे मला समजत नाही, खरेच समजत नाही.

शुक्रवारी मामाकडे गेलो. तू पाहिलीस त्यापेक्षा बाग वेगळी आहे आता. जुनी झाडे तशीच, पण मधल्या रिकाम्या पट्ट्यांत चार वर्षांपूर्वी त्याने स्पेनची रोपे लावली, चार-चार मीटरवर, नळ्या घालून. सगळा गाव हसला. तिजानीने जैतून नाही, कोथिंबीर पेरली म्हणाले. गेल्या वर्षी त्या कोथिंबिरीने फळ धरले तेव्हा हसणे थांबले.

मामा शिडीवर होता. खाली जाळे पसरलेले. मी म्हटले, उतर, तुझ्याशी बोलायचे आहे. म्हणाला, वर ये, खाली बोलायला मला सवड नाही. मग मी शिडीच्या दुसऱ्या बाजूने चढलो आणि एकाच झाडात समोरासमोर बसून आम्ही बोललो.

"तू नक्की करतोस काय रे, पोरा? रौधा प्रोग्रॅम लिहिते, ते कळलं. मग तू?"

"घाणेवाला तेल काढतो. पण ते तेल तसंच गाडीत घालून पाठवता येतं का? डबा लागतो, झाकण लागतं, वर चिठ्ठी लागते, उन्हात ठेवू नका म्हणून. ते मी करतो."

"म्हणजे तेल तिचं, डबा तुझा."

"बरोबर."

"मग तेलात तू काय मिसळलंस?"

"मिसळलं काही नाही. ओतताना अडकत होतं, ते मोकळं केलं."

"अडकत का होतं?"

मी फांदीवरची फळे ओरबाडू लागलो. मामा म्हणाला, "हिरवी राहू दे, हिरवी तेलाला नको आहेत." खाली उतरल्यावर त्याने मला एक गोष्ट दाखवली, जी मी इथे लिहायची की नाही ठरवले नव्हते: त्याच्या नव्या रोपांतही वाळलेले शेंडे आहेत. थोडे आहेत. पण आहेत.

लसाद


स्फाक्स, ६ डिसेंबर

रौधा,

सापडले. तुझेच सापडले.

दोन दिवस दुकान बंद ठेवून तुझा प्रोग्रॅम मी पहिल्या ओळीपासून वाचला. पॅकेज करताना वाचला होता, पण तेव्हा काय काय लागते तेवढेच बघत होतो. मध्याच्या जरा पुढे तू लिहिले आहेस: वीस मीटरच्या आतली झाडे म्हणजे शेजारी. वीस, रौधा. स्फाक्समध्ये चोवीस मीटरवर झाड असते हे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असते. वडील दुसऱ्याच्या जमिनीत झाडे लावायचे, फळाला आली की करारातली निम्मी आपली व्हायची. त्या प्रत्येक झाडासाठी चोवीस मीटरची दोरी ताणायची, आणि तिचे एक टोक तुझ्या हातात असायचे. तू कंटाळून बसायचीस म्हणून दोरी झोल खायची आणि बोलणी मी खायचो. त्या पोरीने वीस लिहावे?

म्हणजे झाले असे. आपल्या भागातल्या एकाही जुन्या झाडाला वीस मीटरच्या आत शेजारी नाही. तिथे तुझा प्रोग्रॅम थांबत होता. माझ्या अकरा ओळींनी त्या सगळ्यांना शून्य दिले आणि त्या बागा पांढऱ्या झाल्या, शेंडे वाळलेले असोत की नसोत. दाट लावलेली बाग सगळ्या भागात एकच, मामाची. फक्त त्याच्याच झाडांना शेजारी होते, म्हणून लाल व्हायची पाळी फक्त त्याच्यावर येऊ शकत होती. दुसरा कुणी लाल होणे शक्यच नव्हते.

मी वीसच्या जागी पंचवीस घातले. आता जुन्या झाडाला चार शेजारी. मामाची बाग फिकट पडली, हाजी बूराऊईची पूर्वेकडची बाजू लाल झाली. मी खूश झालो. मग पस्तीस घालून पाहिले, म्हणजे कोपऱ्यावरची झाडेही धरली जातात आणि शेजारी आठ होतात. तर हाजीची लाली निम्मी गेली आणि भलतीच एक बाग लाल झाली, जिचे नाव आत्ता लिहीत नाही. पन्नासला आणखी वेगळे. त्याच नोंदी, तीच झाडे. यातला खरा कोणता, एवढेच कळव.

७ डिसेंबर

पाकीट बंद करणार तेवढ्यात तुझा फोन आला. आता हे पाठवायची गरज नाही, पण लिहिलेले मी फाडत नाही. तू जे म्हणालीस तेही खाली उतरवून ठेवतो, कारण मला त्याचा नीट अर्थ लागलेला नाही, आणि माझे काही चुकत असेल तर तू दुरुस्त कर.

मी विचारले, वीस का. तू भावाची हाक मारून म्हणालीस, "कोर्दोबाची झाडं सात मीटरवर आहेत, खूया. तिथं वीस पुरतं."

"आणि आपण कुठले आहोत ते विसरलीस."

"विसरले नाही. म्हणून तर थांबा लिहिला. ज्याची झाडं वेगळी, त्यानं थांबावं आणि अंतर सांगावं."

"चोवीस लिहिलं असतंस तर थांबावंच लागलं नसतं."

"तुला जिंकायचंय की मामाची बाग ठेवायचीय?"

मी म्हटले, "बरं, अंतर सांग. पंचवीस की पस्तीस?"

"माहीत नाही."

"यातच डॉक्टरेट आहे तुझी."

"म्हणूनच सांगते, माहीत नाही. मर कशानं पसरते ते आधी कळू दे. किड्यानं पसरत असेल तर किडा उडतो तेवढं अंतर. छाटणीच्या कात्रीनं पसरत असेल तर ती कात्री दिवसभरात ज्या झाडांवरून फिरते ती सगळी शेजारी, मग ती कितीही लांब असोत. कुणी जाऊन बघितलंय का?"

"नाही. नकाशा होता ना."

तू हसलीस की उसासा टाकलास, फोनवर कळले नाही. "मग लोकांना काय सांगू?" मी विचारले. तू म्हणालीस, "अजून माहीत नाही, असं सांग." आणि मग, "त्या ओळी काढ, खूया. मग बोलू."

आता माझी अडचण ऐक. टीव्ही घेऊन आलेल्या माणसाला मी कधी 'अजून माहीत नाही' म्हणून परत पाठवलेले नाही. निदान काहीतरी चित्र तर दाखवून देतो. तू मला सांगतेस की काळा पडदा चित्रापेक्षा बरा. आणि तो बरा आहे असे मला अर्धे वाटते, अर्धे नाही.

लसाद


स्फाक्स, २० डिसेंबर

रौधा,

पस्तीसला लाल होणारी बाग आपली आहे. वडिलांची. अर्धी तुझी, अर्धी माझी. मागच्या पत्रात लिहिले नाही, कारण लिहिले असते तर मी का विचारतोय असा तुला संशय आला असता, आणि मलाही माझा आला असता. वीसला, माझ्या अकरा ओळींसह, ती पांढरी आहे.

आणखी एक लिहायचे राहिले होते. नकाशा बैठकीत दाखवला तेव्हा मी तिथे होतो. लमजदने मला मुद्दाम बोलावले, पुढच्या खुर्चीत बसवले, संत्र्याचा रस दिला, आणि म्हणाला, हा आपल्या स्फाक्सचा माणूस, कुठल्या कॉलेजात गेला नाही, आणि बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर लाल होते ते मामाचे आहे हे मला दिसत होते. मला वाटले, लाल आहे तर असेल. घरी येऊन सालवाला टाळ्यांचे सांगितले, लालचे नाही.

अकरा ओळी मी काढल्या. तुझा थांबा होता तसा परत ठेवला, नवी आवृत्ती चढवली, बदलांच्या नोंदीत एवढेच लिहिले: लेखिकेचा मूळ थांबा पूर्ववत. कार्यालयाची मशीन नव्या आवृत्त्या आपोआप ओढून घेतात, ती सोयही मीच करून दिलेली. झाडे उपटायच्या आदेशावर शेवटची सही होताना ताजा नकाशा जोडावा लागतो. तो काढायला बसले तर जीरान पहिल्याच झाडाशी थांबला. या झाडाला शेजारी नाही, अंतर सांगा.

लमजदचा फोन आला. "सी लसाद, परत रुसलं."

"रुसलं नाही. विचारतंय."

"किती सांगू मग? तुम्ही सांगाल ते टाकतो."

"मला माहीत नाही."

"ट्रॅक्टर सोमवारचा ठरलाय, हो."

"पंचवीस टाकलंत तर हाजी बूराऊई. पस्तीस टाकलंत तर मी. आकडा टाका आणि खाली सही करा, मी टाकला म्हणून."

तो म्हणाला, "माझी सही? मी फक्त बटण दाबतो." ट्रॅक्टर आला नाही. सही करायला कुणी तयार नाही, म्हणून आता माणसे पाठवून बागा बघायच्या असे ठरते आहे. कधी, ते ठरलेले नाही.

मामाला सांगायला गेलो. वाटले होते, मिठी मारेल. तो घाण्यावरून आलेले डबे लावत होता.

"म्हणजे माझी झाडं बरी आहेत?"

"माहीत नाही, मामा."

"मग ट्रॅक्टर का येत नाही?"

"तेही कुणाला माहीत नाही म्हणून."

"हे बरं आहे. तुम्ही शिकलेले लोक." मला शिकलेला म्हणणारा तो पहिलाच. "आणि खरंच आजारी असली तर?"

"माणसं येतील. बघतील, विचारतील, छाटायला कोण येतं, कात्री कुणाची, ती आधी कुठल्या बागेत होती."

"हे आधी का नाही विचारलं कुणी?"

त्याने मला बसीसाचे भाजके पीठ कालवून दिले, वर नवे तेल ओतले, आणि आम्ही ते खाल्ले. मध्येच म्हणाला, "छाटणीला सगळीकडे ते दोघे भाऊच येतात. तुझ्याकडेही तेच." मी मान हलवली. मग रोपांकडे बघत तो म्हणाला, पोरा, उपटणार असतील तर हंगामाआधीच सांगा म्हणावं, इतकं पाणी घालायला नको. त्याला आनंद झाला की राग आला हे मला सांगता येणार नाही.

सालवाला मात्र कसलाही गोंधळ नाही. "आपली बाग पांढरी होती," ती म्हणते. "पांढरी होती, लसाद. बसलेल्या माणसानं उठून स्वतःलाच रांगेत उभं केलं." पंचवीसचे हाजी बूराऊईच्या कानावर गेले आहे, तो दुकानासमोरून जाताना सलाम करत नाही. आणि तू म्हणाली होतीस, मग बोलू. ओळी काढून आठ दिवस झाले, तुझा फोन नाही. बागेतला तुझा अर्धा भाग मी तुला न विचारता धोक्यात घातला, म्हणून गप्प आहेस का? की तुला अजून कळलेच नाही? मी काढले तेव्हा तुझ्यासाठी काढले की मामासाठी, तेही मी स्वतःला विचारून पाहिले.

काल ट्यूनिसहून एक माणूस आला होता. बूट फार स्वच्छ, बोलणे मऊ. त्याची कंपनी चार प्रांतांतल्या कार्यालयांना नकाशे पुरवते, आणि त्या नकाशांच्या पोटात जीरान आहे, माझ्या पॅकेजमधला, अकरा ओळींचा. नवी आवृत्ती आल्यापासून चारही ठिकाणी तो थांबून उभा आहे.

"थांबणारं यंत्र कुणी विकत घेत नाही, सी लसाद," तो म्हणाला. "हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

मला कळत होते. मी हेच आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे.

त्याचे म्हणणे असे: अकरा ओळी परत घालायच्या, पाच वर्षे काढायच्या नाहीत. नाव फक्त माझे राहील. "बहिणीला तिचं नकोच आहे असं वाचलं," तो म्हणाला. मी मामाचे विचारले. म्हणाला, एका बागेचा प्रश्न आहे, भरपाई मिळेल, आणि तुमची तर पांढरी आहे, मी बघून आलोय. सालवा कॉफी घेऊन दारात उभी होती, आत येत नव्हती. त्याने कागदावर आकडा लिहिला, दुकानाच्या तीन वर्षांच्या कमाईइतका, आणि माझ्याकडे सरकवला. सालवाने तो उभ्या जागेवरून वाचला, हे मला कपांच्या आवाजावरून कळले.

मी नाही म्हटले. त्याने कारण विचारले, मला देता आले नाही, आणि तुलाही देता येत नाही. तो कागद इथेच ठेवून गेला. बेचाळीस हजार दिनार.

लसाद